मार्था, मरिया आणि जुनी गोधडी

गेल्या वर्षी जून महिन्यात, संत मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागून चार दिवस झाले असतील नसतील, तोच मुक्ताईनगरहून मावशींचा निरोप आला, "फादर, सवड काढून एकदा येऊन जा. महत्त्वाचे बोलायचे आहे."

मुक्ताईनगर म्हणजे जुन्या पिढीचे एदलाबाद. पूर्णा नदी तापीला मिळते तो चांगदेवचा संगम तेथून जवळच. चहूबाजूंना केळीच्या बागा आणि मधून धावणारा महामार्ग. त्या परिसरात आमची कॅथोलिक घरे बोटांवर मोजण्याइतकीच. मावशींचे घर त्यांतले सर्वांत जुने. पंचावन्न वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातून परिचारिका म्हणून त्या खानदेशात आल्या आणि येथल्याच झाल्या. तालुक्यातील निम्म्या संसारांत कधी ना कधी त्यांचा हात लागलेला. महिन्यातून एकदा मी तेथे जाई, त्यांच्या ओसरीवर पवित्र मिस्सा होई, आणि मिस्सा चालू असताना दोन मांजरी भिंतीच्या कडेला बसून माझ्याकडे अत्यंत टीकात्मक नजरेने पाहत राहत. एक करडी, सतत स्वयंपाकघराकडे कान लावून बसणारी. दुसरी पांढरीपिवळी, मावशींच्या पावलांशी मुटकुळे करून पडणारी. पहिलीचे नाव मार्था आणि दुसरीचे मरिया. "फादर, बेथानीच्या बहिणींचा मी अपमान करते आहे असे समजू नका," मावशी म्हणत, "पण ह्या दोघींना दुसरी नावे शोभणार तरी कोणती?"

मी गेलो तेव्हा घरात गाठोडी बांधलेली होती. हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून मावशींच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, काठी हाती आली, पण एकटीने राहणे आता शक्य नव्हते. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने सर्व चौकशी करून धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली घेतली होती. आश्रम चांगला, सिस्टर्स प्रेमळ. मात्र जनावरे नेता येणार नव्हती. शेजारच्या एका गृहस्थांनी उपाय सुचवला होता. तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मांजर पोत्यात घालायचे, पुलापलीकडे न्यायचे आणि पोत्याचे तोंड मोकळे करून मागे न पाहता परत यायचे.

"पोत्यात नको, फादर," मावशी एवढेच म्हणाल्या.

पाच वर्षांपूर्वी केळीच्या बागेत सापडलेली ती पिल्ले. महामार्गावरच्या मालमोटारी, मोकाट कुत्री आणि शेतांतली विषारी औषधे ह्यांच्या भीतीने मावशींनी त्यांना पहिल्यापासून घरातच वाढवलेले. दोघींची शस्त्रक्रिया झालेली, लशी टोचलेल्या, त्याची कार्डेसुद्धा जपून ठेवलेली. अशा घरकोंबड्या मांजरी पुलापलीकडे किती दिवस जगणार? मी मांजरांचा शौकीन नाही. लहानपणी आमच्या घरी मांजर होते ते केवळ उंदरांपुरते. त्याला स्वयंपाकघराचा उंबरा वर्ज्य होता. तरीही माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "मी नेतो."

मावशींनी डोळे पुसले आणि लगेच कोपऱ्याकडे काठी दाखवली. तेथे वाळूने भरलेले एक जुने घमेले होते, दोन कान तुटलेल्या पितळ्या होत्या, आणि खाटेवर त्यांच्या साड्यांची शिवलेली, विटलेली गोधडी होती. "हे घेऊन जा, लागेल."

मी हसून म्हणालो, "राहू द्या, मावशी. आता त्यांना सगळे नवे आणतो."

त्या काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "मुलगाही हेच म्हणाला. पलंग नवा, गादी नवी, पांघरूण नवे. इथले काही म्हणजे काही न्यायचे नाही." आम्ही दोघेही हसलो. मी काय केले ते मला तेव्हा समजले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो आणि पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, पण मांजराची मोरी कशी निवडावी हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. दुकानदाराने जे जे दाखवले ते ते मी घेतले. वरून झाकण आणि पुढे झुलते दार असलेली प्लॅस्टिकची पेटी, गुलाबाच्या सुगंधाची माती, जोडून असलेले दोन वाट्यांचे भांडे, घुंगरांचे दोन पट्टे, आणि मखमलीचे एक छोटेसे निळे घर. बिल झाले दोन हजार सातशे रुपये. त्याशिवाय येताना एक लिटर दूध.

परतीच्या एस.टी.त ती मखमल मांडीवर घेऊन बसलो तेव्हा माझे मन मला खाऊ लागले. त्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातल्या तीन मुलांच्या शाळेच्या वह्या उधारीवर आणल्या होत्या. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथातला २४१८ वा परिच्छेद मी कित्येकदा शिकवला आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. आणि त्याच दमात हेही सांगतो की, माणसाच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही बाजूंना कुंपण घातलेले. जानेवारी २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी मुलांच्या जागी कुत्री-मांजरे आणणाऱ्या जोडप्यांना बोल लावले होते, तेव्हा मी त्यावर प्रवचनही दिले होते. ते मलाच आठवू लागले.

मनाची समजूत घालण्यासाठी मी ख्रिस्तसभेचा इतिहास आठवू लागलो. पवित्र ग्रंथात पाळीव मांजराचा उल्लेख एकदाच येतो, तोही बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात. तेथे मांजरे येतात ती निर्जीव मूर्तींच्या अंगाखांद्यावर बसण्यासाठी. म्हणजे तो उल्लेख काही गौरवाचा नव्हे. परंतु तेराव्या शतकात इंग्लंडमधील एकांतवासिनींसाठी लिहिलेल्या 'आंक्रेन विस' ह्या नियमग्रंथात, कोणतेही जनावर पाळू नये, अपवाद फक्त मांजराचा, असा नियम आहे. आणि एक्झिटर येथील कॅथीड्रलच्या जमाखर्चात १३०५ ते १४६७ ह्या काळात मांजराच्या पोटापाण्यासाठी आठवड्याला एक पेनी खर्ची पडल्याच्या नोंदी सापडतात. तेथील खगोलशास्त्रीय घड्याळाखालच्या दाराला मांजराला येण्याजाण्यासाठी पाडलेले गोल भोक आजही दाखवतात. उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्या सेवकाला दिलेला तो मोबदला होता. आठवड्याला एक पेनी आणि दाराला एक भोक, एवढाच त्याचा संसार. माझ्या मांडीवर मात्र मखमलीचे घर होते.

मावशी आश्रमाकडे निघाल्या त्या सकाळी मी वेताच्या टोपलीतून मार्था व मरिया ह्यांना घेऊन आलो. धर्मगुरुनिवासातली एक रिकामी खोली काकांनी, म्हणजे आमचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, फिनेलने लख्ख पुसून ठेवली होती. मधोमध निळे घर, शेजारी सुगंधी पेटी, भांड्याच्या एका वाटीत दाणे, दुसरीत पाणी, आणि स्वागतासाठी बशीभर दूध. टोपली उघडली. दोन सावल्या खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकल्या आणि लाकडी कपाटाखाली दिसेनाशा झाल्या.

त्या संध्याकाळी त्या बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दाणे जसेच्या तसे, दुधावर साय धरलेली, पेटीतली माती अस्पर्श. मी पोटावर पडून कपाटाखाली विजेरी धरली की चार हिरवे ठिपके दिसत आणि त्यांतले दोन फुत्कारत. मी रागावलोसुद्धा. इतके सर्व करून ठेवले आहे आणि ह्यांना त्याची किंमत नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावले. तरुण मनुष्य, पण त्यांच्या बोलण्याने माझे पाय लटपटले. मांजर हे कुत्र्यासारखे उपास सोसणारे जनावर नाही, ते म्हणाले. दोन-तीन दिवस अन्न पोटात गेले नाही तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते आणि मग यकृतच निकामी होते. आजच्या आज काही पोटात गेलेच पाहिजे. मग त्यांनी खोलीत चौफेर नजर फिरवली आणि एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवायला सुरुवात केली.

पहिले बाहेर गेले ते फिनेल. मांजराच्या यकृताला फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा करता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी ते पोटात जाते. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तीही बव्हंशी ह्याच उणिवेमुळे. दुसरे बाहेर गेले ते दूध. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही आणि हगवण लागते. मांजर म्हणजे दूध, ही आपली समजूत गोष्टींच्या पुस्तकातली. तिसरी गेली गुलाबाच्या वासाची माती. "फादर, तो वास तुमच्यासाठी आहे," डॉक्टर म्हणाले, "त्यांच्यासाठी नव्हे. झाकलेल्या पेटीत तो कोंडतो. तुमच्या नाकापेक्षा त्यांचे नाक कितीतरी तीक्ष्ण आहे." मग जोडभांडे. अनेक मांजरे अन्नाला लागून असलेले पाणी टाळतात. ह्या प्राण्याचे मूळ कूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्याला तहानेची जाणीवच मुळी कमी. खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हात ते पाणी पीत नसेल तर मूत्रपिंडाचे आणि लघवीचे विकार ठरलेलेच.

शेवटी निळ्या घराकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "आणि आधीच्या घरून काय आणलेत?"

"काही नाही," मी म्हणालो. "त्यांनी देऊ केले होते, मीच घेतले नाही."

"मग ह्या खोलीत त्यांच्या ओळखीचे काहीच नाही. फादर, मांजर घर ओळखते ते वासाने. तुम्ही त्यांना सगळे दिले, पण घर दिले नाही."

त्याच पावली मी मुक्ताईनगरची एस.टी. धरली. घराची किल्ली शेजारच्या बाईंकडे होती. कुलूप उघडून आत गेलो. गाठोडी गेली होती, क्रूस ठेवण्याच्या कोनाड्यात नुसता धुराचा डाग राहिला होता. पण कोपऱ्यात घमेले तसेच होते. न्यायला कोणी धजले नाही, किंवा कोणाला ते न्यावेसे वाटले नाही. त्यातली वाळू चाळणीने चाळून मावशींनी पातळ, बारीक ठेवलेली. खाटेवर गोधडी. ती उचलली तर खोबरेल तेल, मलम, चुलीचा धूर आणि मांजरीचे केस ह्यांचा मिळून झालेला असा काही वास आला की क्षणभर मावशी मागे उभ्या आहेत असे वाटले. घमेले, दोन पितळ्या आणि गोधडी पोत्यात भरली. मुक्ताईनगरच्या स्थानकावर पोते घेऊन उभा असताना मनात आले, शेजारच्या गृहस्थांनी सुचवलेल्या कामासाठीही असेच पोते लागले असते.

रात्री मार्था-मरियेच्या खोलीत गोधडीचा अर्धा भाग कपाटाखाली सरकवला, अर्धा बाहेर ठेवला. घमेले दूरच्या कोपऱ्यात. एका पितळीत कोंबडीचे उकडलेले मांस बारीक करून, दुसरीत पाणी, दोन्हींमध्ये खोलीभर अंतर. दिवा मालवून मी दाराशी भिंतीला टेकून बसलो आणि जपमाळ हातात घेतली.

तेथे बसल्या बसल्या मला मुक्ताईची आठवण झाली. लोकांच्या कठोर बोलांनी दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा सर्वांत धाकटी बहीण मुक्ता दाराबाहेर उभी राहून त्यांची समजूत काढत राहिली. ताटीचे अभंग म्हणून मराठी माणूस ते ओळखतो. त्या प्रसंगात मला नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे. तिने ताटी ढकलली नाही. ती बाहेर उभी राहिली, बोलत राहिली, आणि ताटी आतून उघडेपर्यंत थांबली. १२९७ साली तापीकाठी विजेच्या कडकडाटात जी अंतर्धान पावली असे परंपरा सांगते, त्या मुलीच्या नावाच्या गावातून मी दोन जीव आणले होते, आणि दोन दिवस विजेरी घेऊन त्यांची ताटी फोडत होतो.

जपमाळेचे चौथे रहस्य चालू असताना गोधडीवर काहीतरी हलले. मरिया बाहेर आली होती. ती पुढच्या दोन पायांनी गोधडी मळत होती, अगदी आईच्या पोटाशी पिल्लू मळते तशी. थोड्या वेळाने वाळू उकरल्याचा आवाज आला, तो मार्थेचा. त्यानंतर पितळी फरशीवर सरकल्याचा. मी श्वास रोखून बसलो. माझ्या पौरोहित्याच्या इतक्या वर्षांत कोणाच्या जेवण्याचा आवाज मला इतका गोड लागला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि काकांच्या हातच्या कारागिरीने जो संसार उभा राहिला, तो येथे सांगतो. कोणाच्या घरी असे पाहुणे आले तर उपयोगी पडेल. प्रथम एकच खोली द्यावी. सारे घर एकदम दिले की भिऊन मांजर अधिकच लपते. लपायला जागा हवीच, पण ती विकत घ्यावी लागत नाही. नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांना लपण्यासाठी साधी खोकी देऊन पाहिले. ज्यांना खोके मिळाले त्यांचा ताण इतरांपेक्षा लवकर निवळला. आम्ही किराणा दुकानातून साबणाचे एक खोके मागून आणले. चार दिवस वाऱ्यावर ठेवून वास घालवला आणि एका बाजूला भोक पाडले. एक्झिटरच्या दाराइतकेच.

मोरीसाठी घमेली उत्तम. मांजरे जितकी, त्याहून एक अधिक घमेले असावे. आमच्याकडे तीन आहेत. ती उघडी, मांजराला सुखाने वळता येईल इतकी रुंद आणि जेवणाच्या जागेपासून दूर असावीत, आणि रोज उपसावीत. वाळू मिळेल तेथे चाळलेली बारीक वाळू चालते. विकत घ्यायची तर बिनवासाची बेंटोनाइट माती घ्यावी. ओल लागताच तिचा गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. ही माती आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये निघते. मांजरासाठी माती विकण्याचा व्यवसायच मुळात एका साध्या शेजारधर्मातून सुरू झाला. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात थंडीने वाळू गोठली, मांजरीच्या पेटीत राख घालून एका बाईंच्या घरभर काळी पावले उमटली, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एड लो ह्या तरुणाने कारखान्यात तेल शोषण्यासाठी वापरतात ती दाणेदार माती त्यांना देऊन पाहिली. त्या मातीची जात कोणती? आपल्या आज्या चेहऱ्याला लावत ती मुलतानी माती.

अन्नाच्या बाबतीत धर्मगुरूने दयेपोटीही मांजराला शाकाहाराची दीक्षा देऊ नये. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांसमासळीतूनच मिळते. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा झिजतो, आणि १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की हृदयही कमजोर होते. दूध-पोळीवर मांजर पोसता येत नाही. नुसते उकडलेले मांसही कायमचे पुरत नाही. म्हणून तयार समतोल अन्न थोडे आणि वरून मासळी किंवा कोंबडी थोडी. पाण्याच्या पसरट थाळ्या आम्ही घरात तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, उन्हाळ्यात त्यांत माठातले पाणी. नखांना काहीतरी हवेच असते, त्याविना खुर्च्या वाचत नाहीत. काकांनी जुन्या खाटेच्या पायाला सुंभ घट्ट गुंडाळून तो पाटावर उभा ठोकला. मार्था त्यावर उभी राहून अंग ताणते तेव्हा, मांजर वाघाची मावशी का, ते पटते. ह्याच मुलुखातले चांगदेव वाघावर बसून भेटीला निघाले होते. खेळण्यासाठी कोंबडीचे पीस पुरते. दोरा मात्र कधी देऊ नये; गिळलेला दोरा आतडी कापतो. नाताळच्या गोठ्यावर लावतो ती चमचमती जरसुद्धा म्हणूनच उंचावर असावी. खिडकीला जाळी आणि खिडकीशी एक फळी, म्हणजे जग पाहता येते.

आणि एक सूचना खास आपल्या लोकांसाठी. पास्काच्या सणाला वेदीवर, संत अंतोनीच्या पायाशी, आपण लिलीची फुले ठेवतो. त्या लिलीचे पान, पाकळी, नुसते पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होतात. मांजर असलेल्या घरात ती फुले आणू नयेत. संत अंतोनी रागावणार नाही.

ह्या साऱ्याचा हिशोब केला तेव्हा घमेली, सुंभ, खोके, फळी आणि जाळी मिळून चारशे रुपयांच्या आत काम झाले होते. श्रद्धाग्रंथातल्या त्या परिच्छेदापुढे मी आता बराचसा निर्धास्त उभा राहू शकतो. तो पैशाबद्दल बोलतो असे मला वाटत होते. खरे पाहता माझे दोन हजार सातशे रुपये प्राण्यांवर खर्च झालेच नव्हते. ते खर्च झाले होते माझ्या मनातल्या एका चित्रावर, ज्यात मी उदार होतो आणि निळ्या मखमलीवर दोन कृतज्ञ मांजरी झोपल्या होत्या. घुंगरांचे पट्टे गोठ्यातल्या मेंढरांच्या गळ्यात गेले. निळ्या घरात काका सध्या कांदे ठेवतात.

त्या कांद्यांकडे पाहून मला गणना ग्रंथाचा अकरावा अध्याय आठवतो. मिसरच्या गुलामगिरीतून सोडवलेले इस्राएल लोक रानात बसून तिथल्या काकड्या, कांदे आणि लसूण ह्यांसाठी रडू लागले, त्या प्रसंगावर मी आजवर किती प्रवचने दिली! आकाशातून मान्ना उतरत असताना कांद्यासाठी रडणाऱ्या त्या कृतघ्न पोटभरू लोकांना मी दरवेळी झोडपले. आता वाटते, देवाने त्यांना नवे सर्व काही दिले होते आणि त्यांच्या नाकाला मात्र जुन्या घराचा वास हवा होता. ते चुकलेच, पण ते चुकले ह्यापेक्षा ते घाबरलेले होते, हे मला कोणत्याही भाष्यग्रंथाने शिकवले नव्हते.

आणि मग मावशींची आठवण होऊन माझे डोळे उघडले. त्यांच्या खोलीतही सर्व नवे होते.

जुलैच्या अखेरीस मी आश्रमात गेलो. खोली स्वच्छ, हवेशीर. पलंगावर गुळगुळीत निळसर पांघरूण. त्याचा रंग पाहून मी चपापलो. मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सिस्टर दाराबाहेर मला हळूच म्हणाल्या, "फादर, तक्रार काहीच करत नाहीत. पण जेवत नाहीत. आम्ही विचारतो काय हवे, तर म्हणतात, सगळे आहे."

मी पिशवीतून गोधडी काढली. अर्धी. तिची शिवण उसवून मी दोन भाग केले होते. एक कपाटाखाली राहिला होता, हा दुसरा. त्यावर करडे आणि पिवळे केस चिकटलेले. सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती रास्तही होती. दहा वृद्धांची जबाबदारी असलेल्या घरात मांजरांची न धुतलेली गोधडी कोण येऊ देईल? "गरम पाण्यातून काढून देते," त्या म्हणाल्या.

"धुऊ नका," पलंगावरून आवाज आला. मावशी उठून बसल्या होत्या.

थोडी बोलणी झाली. एका बाजूला पन्नास वर्षे रुग्णसेवा केलेली परिचारिका, दुसऱ्या बाजूला आजची परिचारिका-भगिनी. स्वच्छतेचे शास्त्र दोघींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. शेवटी सिस्टरांनीच मार्ग काढला. गोधडी दोन दिवस कडक उन्हात टाकू, झटकू, पण पाण्यात घालणार नाही. मावशींनी ती देण्यापूर्वी एकदा तोंडाजवळ धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्या दिवशी दुपारी त्या किती जेवल्या हे मी पाहिले नाही. मला परतीची गाडी गाठायची होती. त्या आता बऱ्या आहेत असेही मी म्हणणार नाही. घर सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाचे दुःख अर्ध्या गोधडीने भरून येत नाही. परंतु परक्याला आपण घरात घेतले की नाही, असा प्रश्न शेवटच्या दिवशी आपल्याला विचारला जाणार आहे, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो. आणि अलीकडे मला वाटू लागले आहे की, त्या प्रश्नाला एक पोटप्रश्न असावा. येताना त्याने काय बरोबर आणले होते, आणि ते तू दाराबाहेर ठेवायला लावलेस का? आपल्या वेशीत येणारा विद्यार्थी असो, नवी सून असो, वसतिगृहात आलेले आदिवासी पाड्यावरचे पोर असो, की दर काही वर्षांनी एका ट्रंकेनिशी बदलून येणारा धर्मगुरू असो. आपण नव्या वस्तूंची यादी फार प्रेमाने करतो. त्या यादीच्या माथ्यावर एक ओळ जुन्यासाठी मोकळी सोडावी.

मी निघालो तेव्हा मावशींनी मला दारातून परत बोलावले. मला वाटले, आशीर्वाद मागतील. त्यांनी जुन्या परिचारिकेच्या करड्या स्वरात विचारले, "फादर, वाळू रोज उपसता ना? आणि पाणी जेवणापासून लांब ठेवलेत की नाही?"

"ठेवले, मावशी," मी म्हणालो.

"मी सांगणारच होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही घाईत होता."